घोंगडीतला एसी

भर वैशाखात कानाला मफलर बांधून ट्रकमध्ये बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. दौंडला आमच्या शेजारीच राहायचे, मारुतीआप्पा. ट्रक पार जुना, पण लाड असे, की जेवायला बोलावलं तरी म्हणायचे, "गाडीला इचारून सांगतो."

या ट्रकला त्यांनी एसी बसवायचं काढलं. तेव्हा साहेबाच्या मोटारीत एसी असला तरी लोक वाकून बघायचे. आप्पांनी शिरूरच्या भंगारातून एका ठोकलेल्या मोटारीचा एसी उचलला आणि सलीम मिस्त्रीपुढं आणून ठेवला.

कारण एकच, सखूवहिनी. त्यांची बायको. लेक दिलेली केंदूरला. नातू रांगायला लागला तरी वहिनींनी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पाळी जायच्या वयात बायकांना आतून वाफा येतात ना, तशा त्यांना यायच्या. एसटीत जीव घाबरा व्हायचा, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. आणि ट्रकचं नाव काढलं की, "त्या भट्टीत मी न्हाई बसायची!"

सलीमनं इंजिनाला कॉम्प्रेसर जोडला, पट्टा घातला, नळ्या फिरवल्या, स्टेअरिंगशेजारी गार हवेची पेटी लावली. चालू केला. पेटीला हात लावावा तर बर्फ, आणि बसलेला माणूस घामानं निथळतोय! केबिनला फटीच एवढ्या, की पायाखाली रस्ता दिसायचा.

"आप्पा, तुम्ही सगळं दौंड गार करताय," सलीम म्हणाला.

"करू दे की. पर माझी बायकू त्यात यायला पायजे."

मफलर मात्र पहिल्या दिवसापासून कानाला. का, तर "गारठा काय सांगून येतो व्हय?"

आप्पांच्या वडिलांनी मेंढरं राखलेली. घरात लोकर आणि घोंगड्या मायंदाळ. "जी घोंगडी थंडी आत येऊ देत न्हाई, ती भायेर तरी कशी जाऊ देईल?" फटीफटींत लोकर कोंबली. छताला घोंगडी, दारांना घोंगडी, इंजिनाच्या झाकणावर घोंगडी.

सलीमनं आत डोकावून पाहिलं. "आता गाडीनं फक्त ब्यॅ करायचं राहिलंय, आप्पा."

पण गार झालं बरं का!

मग एका दुपारी माझ्या दारापुढं ट्रकची घरघर थांबेचना. कानाला दडे बसले. मी तावातावानं बाहेर गेले, तर आप्पा उन्हात उभे, टोपीनं वारा घेतायत.

"अहो, इंजिन बंद तरी करा, नाहीतर आत तरी बसा!"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मी काचेतून पाहिलं. सखूवहिनी मान कलंडून, तोंड उघडं टाकून घोरत होत्या. मांडीवर नातवासाठी शिवलेली कुंची.

"केंदूरला निघाला होतात ना?"

"बसल्या बसल्या डोळा लागला बगा. इंजिन बंद केलं तर उठंल."

"मग बसा की तुम्हीपण आत."

"दार उघडलं की गारवा जातोय, काकू. जागी झाली की निघू."

ऊन सरकत वहिनींच्या तोंडावर आलं होतं. आप्पा दोन पावलं बाजूला झाले आणि त्या काचेपुढं आडवे उभे राहिले.