कंपोझिटचा ओटा, मागच्या दाराशी

"रविवारी ये, दादा! माझा डेक बघून तू तोंडात बोट घातलं नाहीस, तर मी नाव बदलीन!"

टेपकाकांनी ही गर्जना केली ती थोरल्या भावाच्या परसात, थोरल्या भावाच्याच लाकडी डेकवर बसून, थोरल्या भावाचाच चहा पीत. आणि गर्जना साधी नव्हती. शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले ते म्हणे संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

आता नाव बदलीन म्हणाले खरे, पण टेपकाका हे तरी कुठे त्यांचं नाव! जन्मभर वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानदार त्यांना लांबून बघूनच तराजू सरळ करायचे. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शिक्के परत घेतले, पण मोजायची खोड कशी परत घेणार? खिशात कायम मोजपट्टीची टेप. न्हाव्याने केस कापले की दोन्ही कल्ले मापून मगच खुर्चीतून उठायचे. म्हणून सगळ्या गल्लीचे ते टेपकाका झाले.

अशा माणसाला दादांनी काय ऐकवावं? नव्या डेकवर पाय पसरून दादा म्हणाले, "टेप्या, तू नुसता मोजणार. बांधणारी माणसं वेगळी असतात."

बस्स! हेच वाक्य काका लहानपणापासून ऐकत आले होते. पतंगाच्या वेळी, कबुतरांच्या खुराड्याच्या वेळी, इतकंच काय, स्वतःचं घर बांधलं तेव्हाही. आणि आता या वयात, वहिनींच्या देखत! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आहे तरी काय तुझा डेक? मागच्या दाराबाहेर ठोकलेल्या चार फळ्या! आणि त्याही लाकडाच्या! दोन वर्षांत कुजतील! माझा कंपोझिटचा असेल, कंपोझिटचा!"

"ते काय असतं?" वहिनींनी विचारलं.

"लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकजीव करून फळ्या काढतात, वहिनी. दिसायला लाकूड, पण वाळवीचे दात पडतील!"

दादा हसले. "बघू की. रविवारी येतो."

काकू घरीच होत्या. कंबर धरल्यामुळे त्या आल्या नव्हत्या. काकांनी लगेच घरी पळायला हवं होतं. पण काकांचा बेत खोल. शत्रूच्या गोटात मुक्काम ठोकायचा, त्याच्या डेकमधल्या चुका टिपायच्या आणि तिथूनच मिस्त्रीला हुकूम सोडायचे! वहिनींनी 'राहा आता शनिवारपर्यंत' म्हणायचा अवकाश, काकांनी चपला कोपऱ्यात ठेवल्या आणि फोन घेऊन न्हाणीघरात शिरले.

"मिस्त्री, डेक करायचाय."

"चेक? आधी काम तरी सांगा काका."

"चेक नाही हो! डेक! डेक!"

"हां, डेक! गाण्यांचा! ते माझ्याकडे नाही, माझा साडू भाड्याने देतो. लग्न कुणाचं काढलंत?"

"मिस्त्री!" काकांच्या आवाजाने बादलीतल्या पाण्यावर तरंग उठले. "तुम्हाला आपली भाषा तरी येते का? ओटा! ओटा करायचाय! ओटा समजतो?"

"अहो, मग सरळ ओटा म्हणा की! कुठला?"

"मागच्या दाराशी आहे तो. जुना फोडायचा, नवा करायचा."

"मागच्या दाराशी… आला, आला डोळ्यांपुढे. ग्रॅनाइटचा करू?"

"ग्रॅनाइट कशाला? पाय घसरून मरायला? कंपोझिट! बाहेर गच्च्यांना, बागांना फळ्या लावतात ना, त्या!"

"ओट्याला… फळ्या?"

"फळ्या! आणि दोन फळ्यांत बोटभर नाही, पण करंगळीच्या नखाएवढी फट सोडायची. पाणी पडलं की खाली निघून गेलं पाहिजे. शिवाय उन्हाने फळी फुगते."

"ऊन?" मिस्त्रीने विचारलं. "काका, ओट्यावर ऊन कुठून येणार?"

"वरून! ऊन वरूनच येतं!" काकांनी फोन आपटला. काय ही माणसं! साधा ओटा समजावून सांगता सांगता घसा बसला!

त्यानंतर काकांच्या डोक्यात कल्पनांचं मोहोळ उठलं. दादांच्या डेकची एकेक चूक सापडायची आणि मिस्त्रीला एकेक निरोप जायचा. दादांच्या फळ्यांवर खिळ्यांची डोकी वर आली होती, त्यात वहिनींची चप्पल अडकली. झाला निरोप: "मिस्त्री, एकही स्क्रू दिसता कामा नये! खालून क्लिपा लावायच्या!" दादांच्या डेकला कठडा नव्हता, खुर्ची सरकून दादा एकदा उताणे कुंड्यांत पडले होते. निरोप: "तिन्ही बाजूंनी कठडा!" दादांनी डेकसाठी पेरूचं झाड तोडलं होतं. निरोप: "मधोमध चांगलं घमेल्याएवढं गोल भोक ठेवा!"

"भोक कशाला?" मिस्त्रीने विचारलं.

"झाड वर यायला!"

पलीकडे मिस्त्रीने 'झाड' असं पुटपुटत लिहून घेतलं.

एकदा तर काका दादांच्या डेकखाली उताणे पडून तुळया मापत असताना फळ्यांच्या फटीतून वर दादांचा डोळा दिसला.

"टेप्या, खाली काय करतोयस?"

"चष्मा पडला."

"तो नाकावर आहे."

"म्हणूनच तर सापडला!" काका म्हणाले आणि कोपरावर सरपटत बाहेर आले. पण बाहेर येता येता आणखी एक चूक सापडलीच. लगेच न्हाणीघर, लगेच फोन.

"मिस्त्री, चढायला तीन पायऱ्या! आणि प्रत्येक पायरीच्या पोटात दिवा!"

"पायऱ्या? ओट्याला?"

"मग काय उडी मारून चढायचं?"

"चढायचं?"

"चढायचं, बसायचं, पाय सोडून चहा प्यायचा! ओटा असतो कशाला?"

"काका, रागावू नका, पण एकदा काकूंना विचारू का?"

आता मात्र काकांचा तोल सुटला. "तिला काय विचारायचंय? ओट्याशी तिचा काय संबंध?"

"काकूंचा… ओट्याशी… संबंध नाही?"

"काडीचाही नाही! ओटा माझा, डोकं माझं! तुम्ही फक्त हात चालवा!"

शनिवारी दुपारी काका घरी आले ते थेट बाजूच्या बोळातून परसात. डोळे मिटून कोपऱ्यावर वळले, छातीभर श्वास घेतला आणि डोळे उघडले.

मागच्या दाराबाहेर जुना सिमेंटचा ओटा होता तसाच होता. तडा होता तिथेच होता. वर शेजाऱ्यांचं मांजर झोपलं होतं. त्याने एक डोळा उघडून काकांकडे पाहिलं आणि परत मिटला.

"मिस्त्री!" काकांनी जी आरोळी ठोकली, तिने मांजर दोन भिंती ओलांडून गेलं. उद्या दादा येणार! 'बांधणारी माणसं वेगळी असतात' म्हणणार! वहिनी पदराआड हसणार! काका तणतणत मागच्या दारातून स्वयंपाकघरात घुसले, आणि उंबऱ्यातच त्यांचे पाय खिळले.

समोर काकू बसल्या होत्या. जमिनीवर नव्हे, खुर्चीवर नव्हे. स्वयंपाकाच्या ओट्यावर! पाय खाली सोडून, कठड्याला टेकून, हातात चहाचा कप. थेट जहाजाच्या कप्तान!

मंडळी, आपल्या भाषेत ओटे दोन. एक घराबाहेरचा, ज्यावर पुरुष बसतात. एक घरातला, ज्यापुढे बायका उभ्या राहतात. दोन्ही ओटे मागच्या दाराला लागून, एक दाराच्या अलीकडे, एक पलीकडे. काकांनी लांबी सांगितली, रुंदी सांगितली, फट सांगितली, भोक सांगितलं. दाराची कुठली बाजू, तेवढं सांगायचं राहिलं!

आणि मिस्त्रीने हात राखून काम केलं नव्हतं. शिसवी रंगाच्या गुळगुळीत फळ्या, एकही स्क्रू दिसत नव्हता. कडेने गडद रंगाची पट्टी, जशी फोटोची चौकट. चढायला तीन पायऱ्या, पायऱ्यांच्या पोटात मंद दिवे. शेगडीखाली मात्र सरळ फरशीच ठेवली होती, तेवढी अक्कल त्याने स्वतःची वापरली होती. आणि मधोमध ते भोक! खाली बादली.

मिस्त्री कोपऱ्यात फडक्याने कठडा पुसत होता. "या काका! झाड कुठलं लावायचं ते तेवढं सांगा. शेगडीची धग सोसणारं हवं."

"अहो!" काकांनी कठड्याकडे बोट केलं. "अहो, तुम्ही… हे… ओट्याला कठडा! स्वयंपाकाच्या ओट्याला कठडा! कुणी बघितलाय का?"

"तेच मी तुम्हाला विचारत होतो! तर तुम्ही म्हणालात, ऊन वरून येतं!"

"मी बाहेरचा…"

"त्याच्यावर ओरडू नका हो," काकू म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून खाली आल्या. त्यांचा आवाज ओला होता. काकांनी हा आवाज फार वर्षांत ऐकला नव्हता. "सासूबाईंच्या उंचीचा ओटा होता तो. त्या माझ्या खांद्याला लागायच्या. आल्या दिवसापासून वाकून वाकून माझी कंबर गेली. तुम्हाला किती वेळा म्हटलं, आणि तुम्ही दर वेळी टेप लावून म्हणायचात, प्रमाणात आहे. मला वाटायचं, तुमच्या कानावरच जात नाही. आणि हे बघा! न सांगता, न बोलता! वरच्या फळीवरचे डबे आता पायरीवर चढून काढते. साली भोकातून थेट बादलीत. कठड्याला झारे, फडकी, सगळं टांगलंय. आणि उंची बघा!"

काकू ओट्यापुढे उभ्या राहिल्या. ताठ. काकांनी त्यांना ओट्यापुढे ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

काकांच्या घशाशी आलेली आख्खी शिवी त्यांनी गिळली. मोठी होती. संध्याकाळपर्यंत पचली नाही.

"आवडला ना?" एवढंच ते म्हणाले, आणि दात इतके आवळून, की मिस्त्रीला वाटलं त्यांची दाढ दुखतेय.

रविवारी दादा आले ते चढत्या पावली. थेट परसात गेले. तडा गेलेल्या ओट्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हाच का रे तो, टेप्या? तोंडात कुठलं बोट घालू? करंगळी चालेल?"

काकांचे कान लाल झाले. खरं सांगावं, तर मागे दारात काकू उभ्या. खोटं सांगावं, तर पुढे दादा उभा. एका बाजूला जन्माचं नाक, दुसऱ्या बाजूला बायकोची कंबर. काकांनी डोळे मिटले.

"डेक करणारच होतो, दादा. फळ्याही आणल्या होत्या. पण म्हटलं, आपण बाहेर बसून चहा पिणार, आणि तो चहा आत वाकून कोण करणार? म्हणून आधी हिचा ओटा केला. ये, आत ये, बघ."

वहिनी आधीच आत पोचल्या होत्या. दादा पोचेपर्यंत त्या तीन पायऱ्या चढून कठड्याला टेकून बसल्या होत्या, आणि उतरायचं नाव घेत नव्हत्या.

"दिवे आहेत हो खाली, दिवे!" त्या दादांवर कडाडल्या. "बघा! धाकट्याने बायकोसाठी काय केलंय! आणि तुम्ही? माझं पेरूचं झाड तोडून चार फळ्या ठोकल्यात, आणि त्यावर बसून मलाच ओरडता, चहा आण म्हणून!"

"अगं, पण ओट्याला कठडा…"

"मलाही हवा! भोकासकट!"

दादांनी चहा घेतला तो उभ्यानेच. निघताना मात्र फाटकातून त्यांनी शेवटचा बाण सोडलाच. "ओटा ठीक आहे. पण डेक कुठे आहे, टेप्या?"

"पुढच्या रविवारी ये!" काका गरजले. संपलं! आता माघार नाही!

दोघं गेल्यावर काका ओट्यापाशी आले. छाती अजून फुगलेलीच होती. "बघितलंस? दादाची कशी जिरवली!"

"बघितलं ना," काकू म्हणाल्या. "किती छान खोटं बोलता हो तुम्ही!"

"खोटं?"

"मिस्त्री फोडायला सुरुवात करायच्या आधीच हातोडा घेऊन दारात उभा राहिला होता. म्हणाला, काकू, काका पाय सोडून बसायचं म्हणतायत, ओटा आतला की बाहेरचा?"

"मग? मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, काकांचं बोलणं असंच असतं. आतलाच. आणि उंची माझ्या मापाने घे."

काका लालबुंद झाले, मग जांभळे झाले. "अगं, हा विश्वासघात आहे! मी तिकडे डेकखाली सरपटून कोपरं सोलून घेतली! मला एक फोन करायचास!"

"केला असता. पण ओट्याशी माझा काडीचाही संबंध नाही ना! मिस्त्रीने सांगितलं मला."

काकांनी पाय आपटत फोन उचलला. आता तरी चूक होणार नव्हती. डेक म्हणायचं नाही. ओटा तर मुळीच म्हणायचं नाही. काकांनी सबंध शब्दकोश मनातल्या मनात चाळला आणि एकेक अक्षर ठासून बोलले:

"मिस्त्री, नीट ऐका. घराच्या बाहेर. परसात. उघड्यावर. एक चौथरा बांधायचाय. चौथरा! तीन पायऱ्या, भोवती कठडा, खालून दिवे. समजलं?"

"समजलं ना काका! न समजायला काय झालं? एकदम भारी दिसेल!" मिस्त्रीचा आवाज आदराने खाली आला. "पुतळा कुणाचा बसवायचाय?"

काकांनी फोन कानापासून लांब धरला. ओट्यावर पाय हलवत बसलेल्या काकूच कठड्यावरून ओरडल्या,

"सांगा त्याला, काकांचाच! उभा की बसलेला, ते मागाहून कळवतो!"