काखेतल्या पाच पिना

भंगारवाला तोलकाटा घेऊन सकाळी साडेनऊलाच वर्कशॉपच्या दारात येऊन बसला, तेव्हा मायक्रॉनमामांनी बंडीचा आतला खिसा चाचपला. एकतीस वर्षं ते एकाच लेथपुढे उभे होते. आज लेथ गेला, तर पाठोपाठ आपणही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वाद होता कृत्रिम गुडघ्यात बसणाऱ्या बोटभर पोलादी पिनेचा. ती लेथवर सळई फिरवून कातायची, की फाउंड्रीत वितळलेलं पोलाद साच्यात ओतून घ्यायची? कातण्याच्या बाजूला मामा. ओतण्याच्या बाजूला, फाउंड्रीचा माणूस म्हणून, त्यांचा साडू. तीन महिने दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. केसाचे सत्तर उभे काप केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. पिनेत त्याहून जास्त फरक चालणार नव्हता.

गिऱ्हाईकाकडून आलेल्या तपासणीसबाई हसणं घरी ठेवून आल्या होत्या. साडूने कापसात गुंडाळलेल्या पाच पिना डबीतून काढल्या. मामांनी काढल्या बंडीच्या आतल्या खिशातून. कुणी अदलाबदल करेल या धास्तीने सकाळपासून त्यांनी त्या उराशी धरल्या होत्या.

"ओतलेल्या बरोबर," बाई म्हणाल्या. "कातलेल्या दोन मायक्रॉन जाड."

"तुमचं यंत्र तपासा!"

"सकाळीच तपासलंय. जेवणानंतर एकदा परत मोजीन. एकदाच."

"साडूभाऊ, वयानं हात जड होतो," साडू मायेने म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका."

मालक तर पुढचं बोलले. "मामा, लेथ तेवढा पुसून ठेवा. भंगारवाल्याला स्वच्छ माल बरा पडतो."

जेवणाच्या सुट्टीत मामांनी डबा उघडलाच नाही. बारीक पॉलिश पेपर घेतला आणि पाचही पिनांवरून दोन-दोन मायक्रॉन उतरवले. पिना लोखंडी टेबलावर ठेवल्या, हात धुतले, घोटभर पाणी प्यायले आणि मोजून पाहिलं. आता दोन मायक्रॉन बारीक!

मामांनी एक पिन उचलली, ती टेबलासारखीच गार लागली, आणि डोक्यात उजेड पडला. सकाळी पिना जाड नव्हत्याच. छातीच्या उबेने फुगल्या होत्या. धडधाकट पिनांचा जीव त्यांनी आपल्याच हातांनी घेतला होता, आणि उतरलेलं पोलाद काही परत चिकटवता येत नाही. पुन्हा फुगवणं तेवढं हातात होतं. पाचही पिना त्यांनी काखेत घातल्या.

"हात असा का आवळलाय?" साडूने विचारलं.

"तुझ्या गळ्याकडे जाऊ नये म्हणून."

बाईंनी मोजलं. तंतोतंत! मग एक पिन त्यांनी मुठीत धरली. "या गरम कशा?"

मामांनी एकवार लेथकडे पाहिलं. "काखेत होत्या."

मालकांनी डोळे मिटले. भंगारवाला उठून उभा राहिला.

"ही पिन बसणार कुठे? माणसाच्या गुडघ्यात. तिथे काय बर्फ ठेवलाय?" बाई म्हणाल्या. "अंगाच्या उबेला मोजायचं एवढ्या जणांत एकट्या यांना सुचलं. ओतलेल्या आत गेल्यावर फुगतील. कातलेल्या मंजूर."

मामांनी लेथला मिठीच मारली.

"मात्र नमुना जसा झाला, तसाच सगळा माल," बाई लिहीत म्हणाल्या. "त्यात एक पायरी बदलायची नाही. कातणे. घासणे. दहा मिनिटं काखेत. काख कोणाची?"

"माझी," मामा अभिमानाने म्हणाले.

"तसंच लिहिते."

माल महिन्याला तीन हजार पिना. मालकांनी बोटांवर हिशोब केला. एका काखेत पाच, दोन्ही काखा धरल्या तरी तीनशे खेपा. "मामा, लेथ कुणीही चालवेल. पण तुमची ऊब कागदावर चढलीय."

लेथ अजून आहे. शेजारच्या स्टुलावर मामा दोन्ही हात अंगाशी आवळून बसतात, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखे. ताप आला तर सक्तीची रजा, कारण पिना जाड भरतात. लेथपुढे नवा माणूस आहे. फाउंड्रीने काढल्यावर मालकांनी त्यालाच ठेवून घेतलं. बहिणी पुन्हा बोलू लागल्या आहेत.

दर दहा मिनिटांनी तो वळून मायेने विचारतो, "साडूभाऊ, झाल्या का?"

मामा नुसते दात खातात. हात उचलायची सोय नाही.