गायीचा अर्ज

रतनबापू तोंडाने सिनेमा दाखवत. सिनेमाची गोष्ट सांगत, असं मी म्हणत नाही. गोष्ट आपल्या घरातही कुणी ना कुणी सांगतंच, आणि शेवट आधी सांगून टाकतं. बापू सिनेमा दाखवत. रविवारी दुपारी चारच्या ठोक्याला आमच्या मागच्या घराच्या ओट्यावर ते धुतलेली टोपी घालून बसत, समोर दहा-पंधरा माणसं मांडी घालून बसत, आणि बापू डोळे मिटून सुरू करत, "अंधार. पानी. एक होडी डावीकडथून येस. हळू. आखो हळू." दर दहा मिनिटांनी रीळ संपे. मग बोट वर. "थांबा, रीळ बदली ऱ्हायनू." तेवढं मिनिटभर ते खरंच गप्प बसत. त्या मिनिटात विडी ओढली तरी चालायची. पण सिनेमा चालू असताना त्यांच्यासमोरून कुणी उठून गेलं की ते गरजत, "डोकं खाले! पडदावर सावली पडी ऱ्हायनी!"

आणि मुलांनो, तो माणूस खरंच वाकून जायचा.

ही नंदुरबारची, तुमचा बाबा शाळेत जाऊ लागला त्या सुमाराची हकीकत. तुमच्या आजोबांची तिथे बदली झाली होती आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. बापू मूळचे तापीकाठचे गुजर. घरी कापूस आणि केळीची शेती, पण त्यांचा जीव यंत्रात. तरुणपणी जिनिंगमध्ये फिटर होते. तिथून कापसाच्याच मागे पूर्व आफ्रिकेत गेले. सरकी काढायची यंत्रं दुरुस्त करता करता एका थिएटरचं मशीन दुरुस्त करायला गेले आणि तिथेच अडकले. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या सरकारी कारभाऱ्यांची बाजू मी कधी ऐकली नाही. मी फक्त त्यांची पत्रं वाचली.

तो देश स्वतंत्र झाला. तोवर तिथल्या पडद्यावर घोडेस्वार गोरे नाहीतर बागेत गाणारे हिंदी नायक. नव्या सरकारने जाहीर केलं की आता आपल्या माणसांचे, आपल्या भाषेतले सिनेमे निघतील. एक खातं निघालं. त्याला एक कॅमेरा मिळाला आणि एक जीप मिळाली. पेट्रोल मिळालं नाही. त्या खात्यात बापूंनी खटपट करून एक पूर्ण सिनेमा काढला. मोठ्या तलावावरचा म्हातारा नावाडी, तिथे आलेली नवी मोटरबोट, आणि बोटवाल्याला तलावातले खडक दाखवणारा तोच म्हातारा, एवढीच गोष्ट. काम करणारी सगळी त्या काठावरची माणसं. नावाडी खरोखरचा नावाडी.

फिल्म धुण्याची सोय त्या देशात नव्हती. डबे विलायतेला गेले. ते धुऊन परत येईपर्यंत नवा नियम निघाला. बाहेरून येईल तो सिनेमा परदेशी, आणि परदेशी मालावर जकात. जकात माफ फक्त स्वदेशी सिनेमाला. स्वदेशी असल्याचा दाखला मिळणार खात्याने सिनेमा पाहिल्यावर. आणि खात्याला तो पाहायला मिळणार जकात भरून सुटल्यावर. हे पुन्हा एकदा वाचा. मीही तीनदा खोडून लिहिलं आहे.

त्यातच सरकारी जागा तिथल्या नागरिकांसाठी राखल्या गेल्या. ते रास्तच होतं, बापूही तसंच म्हणत. पण त्यांचा स्वतःचा नागरिकत्वाचा अर्ज कुठल्याशा तिसऱ्याच टेबलावर होता. तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली. बापू एक ट्रंक घेऊन नंदुरबारला भावाकडे आले, आणि डबे तिकडे जकातीच्या गोदामात राहिले.

पण माणूस आला तरी बोलणं तिकडचंच. सकाळी वर्तमानपत्र उघडून म्हणत, "आमनं सरकार नवा कायदा करी ऱ्हायनं म्हनतस."

चुलीपाशी त्यांची वहिनी, तुळसावहिनी, भाकरी थापत असे. ती तिथूनच, "कोनतं सरकार, भाऊ? दिल्लीनं का मुंबईनं?"

"आमनं."

"आमनं, आमनं! त्या सरकारनी तुमले हाकली दिधं. भाकर कोन थापी ऱ्हायनं ते तरी देखा!"

"भाकर तुमनी, वहिनी. सरकार आमनं," बापू म्हणत आणि मुकाट्याने जेवत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ते डब्यांच्या अर्जासाठी कागद घेऊन माझ्याकडे येत. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गुजराती शाळेत. ते अहिराणीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. माझी इंग्रजी तेव्हा फार इस्तरीची होती. "सविनय निवेदन करण्यात येते की" असं काहीतरी आल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नसे. बापूंना तेवढ्याने समाधान नव्हतं.

"असं लिखा, बाई. मन्ही गाय मी पानी पाजाले नदीवर लई गऊ. ती पानी पीसन घर उनी. आते ती नदीनी गाय व्हयनी का?"

मी गाय वगळली आणि "प्रक्रियेसाठी तात्पुरता परदेशी पाठवलेला स्वदेशी माल" असं लिहिलं. बापूंनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"गाय कोठे शे?"

"बापू, अर्जात गाय बरी दिसत नाही."

"इंग्रजी काऊ शबद माले वळखू येस. तिकडे गुरं राखनारा मानसं शेतस, बाई. जकात त्यासले समजाव नही. गाय समजई."

मला ते पटलं. इतक्या पत्रांत मला पटलेली तीच एक गोष्ट. मी गाय लिहिली, सुरेख लिहिली. पाणी, नदी, परतीची वाट, सगळं. चांगल्या अक्षरात सही घेतली आणि पत्र टाकलं.

आमच्या मागच्या पत्रांना सहा सहा महिने उत्तर येत नसे. याला सहा आठवड्यांत आलं. "आपल्या गायीच्या सीमेपलीकडून परतीबाबतचा अर्ज योग्य कार्यवाहीसाठी पशुवैद्यक खात्याकडे वर्ग करण्यात आला आहे."

मी हसले. बापू इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुळसावहिनी विचारायला आली आणि ऐकून कपाळाला हात लावून म्हणाली, "आते तिले दूध तरी ईचारा, कितलं देस ते!"

मग पशुवैद्यक खात्याचं पत्र आलं. गायीचं वय, रंग आणि लस टोचल्याचा दाखला हवा होता. आम्ही कळवलं की गाय नाही. गाय हे केवळ उदाहरण आहे. मूळ विषय सिनेमाच्या नऊ डब्यांचा. त्यांनी कळवलं की गाय अस्तित्वात नसल्यास प्रकरण बंद करण्यात येत आहे. आणि बंद केलं. डब्यांचे आमचे सगळे जुने अर्ज त्याच फायलीत लावलेले होते. मूळ खात्याला आम्ही पत्रामागून पत्रं पाठवली. प्रत्येकाला एकच उत्तर आलं, की या विषयाची फाईल या कार्यालयात नाही.

यात वर्ष गेलं. वरचे काही महिनेही गेले.

शेवटचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. शाळेतून येऊन मी ते उभ्यानेच वाचलं आणि पायात चपला होत्या तशीच मागच्या दाराने बापूंकडे गेले. ते ओट्यावर तुळसावहिनीचा स्टोव्ह उघडून बसले होते. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. मुदतीत हक्क न सांगितल्यामुळे नऊ डबे बेवारस ठरवण्यात आले, आणि नियमानुसार नष्ट करण्यात आले.

बापूंनी स्टोव्हची पिन फडक्याला पुसली. "नष्ट म्हंजे? जाळं का जमीनमा पुरं?"

"लिहिलेलं नाही."

"पुरं व्हई. ही नवी जातनी फिल्म शे. पेटत नही लवकर."

मला राहवेना. "बापू, ती गाय मी लिहायला नको होती."

"गाय मन्ही व्हती, बाई," ते म्हणाले. "तुम्ही नुसती लिखी."

त्या रविवारी चार वाजता माणसं आली तेव्हा ओटा रिकामा होता. तुळसावहिनी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आज मशीन बिघडेल शे. घर जा." कुणी थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापू माझ्याकडे आले. हातात अकरा हवाई पत्रं होती, निळी, कोरी.

मी नेहमीच्या सवयीने वर खात्याचं नाव घालू लागले. "सरकारले नही," ते म्हणाले.

पत्रं नावाड्याला होती. मासे सुकवणाऱ्या बाईला, चहावाल्याला, मोटरबोट चालवणाऱ्याला, शाळेच्या शिपायाला. सिनेमात काम केलेल्या त्या अकरा जणांना बापूंनी शब्द दिला होता की काठावर दोन बांबूंना चादर बांधून सिनेमा आधी तुम्हाला दाखवीन, मंत्र्याला नंतर. हे त्यांनी मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. तुळसावहिनीलाही नाही.

"इंग्रजीत लिहू?" मी विचारलं.

"त्यासले इंग्रजी येत नही. मी त्यासनी भाषामा बोलस. तुम्ही जशी ऐकू येई तशी इंग्रजी अक्षरमा लिखा."

मग ते बोलू लागले. मुलांनो, मी त्यांना कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. दर पत्रात 'पोले' असा एक शब्द दोन-दोन, तीन-तीनदा येई. तिसऱ्या पत्राला मी अर्थ विचारला. ते म्हणाले, कुणाला ठेच लागली, कुणाचं माणूस गेलं, कुणी नुसतं जड ओझं घेऊन चाललेलं दिसलं, तरी तिकडे हा शब्द म्हणतात. आपली चूक असो वा नसो.

मासे सुकवणाऱ्या बाईचं पत्र शेवटी लिहायला घेतलं. ती मागच्या पावसाळ्यात वारल्याचं बापूंना कुणीतरी कळवलं होतं. तरी त्यांनी तिच्याच नावाने सुरुवात केली. मी कागद संपेपर्यंत लिहीत गेले. मग मागची बाजू संपली, मग घडीच्या कडेची बारीक जागाही संपली. मी मान वर केली. बापू भिंतीकडे पाहत होते आणि बोलत होते. मध्येच किंचित हसले, कशाचं तरी उत्तर ऐकल्यासारखे थांबले आणि पुन्हा बोलू लागले.

मी पेनाचं टोपण लावलं. 'पोले' सोडून एक शब्दही कळत नव्हता. मी ऐकत बसले.