सबनीसांच्या तबकड्या

सबनीसांनी मला पहिल्यांदा मांडीवर हार्ड डिस्क घेऊन बसायला सांगितलं, तेव्हा मला त्यांच्या डोक्याबद्दल शंका आली होती. बारा वर्षांनंतर सांगते, शंका रास्तच होती. पण त्या डिस्कच्या बाबतीत मात्र त्यांचं बरोबर होतं.

आमचं हॉस्पिटल डोंबिवली पूर्वेला, एका ट्रस्टचं. मी तिथे रेकॉर्ड विभागात आणि सबनीस सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीत कायम घरघरणारा एक काळा डबा. सगळ्या पेशंटांची माहिती त्याच्या पोटात. चार-दोन वर्षांनी त्याची तब्येत बिघडायची आणि मग त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकावी लागायची. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं. "जिच्यामुळे यंत्राला आपण यंत्र आहोत हे कळतं ती," असं उत्तर मिळालं. पुन्हा विचारलं नाही.

तर ही सिस्टीम टाकताना यंत्र एक प्रश्न विचारतं, कुठल्या डिस्कवर टाकू? जी सांगाल ती आधी कोरी करून टाकतं. बोट चुकलं की सगळे पेशंट पुसले गेले. म्हणून सबनीस पेशंटांची डिस्क आधीच उपसून काढायचे, पंच्यात गुंडाळायचे आणि काम होईपर्यंत भरवशाच्या माणसाच्या मांडीवर ठेवायचे. ते भरवशाचं माणूस म्हणजे मी.

"अहो, टेबलावर ठेवा की," मी म्हणाले होते.

"टेबल हलतं, पेडणेकरबाई. शिवाय टेबलाला जबाबदारी नसते."

आणि मग मी चार तास बाळंतिणीच्या खोलीत बसल्यासारखी बसून राहायचे.

सिस्टीम ते तबकडीवरूनच टाकणार. सीडी म्हणायचं नाही, डीव्हीडी म्हणायचं नाही, तबकडी. त्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. तबकडी पुसायची ती मधून कडेकडे, गोल कधीच नाही, आणि कापड बहिणीच्या जुन्या सुती साडीचंच. नवी तबकडी तयार करताना संगणकाला सगळ्यात कमी वेग लावायचे. कुणी विचारलंच तर वाक्य ठरलेलं होतं, "घाईत भाजलेली भाकरी आणि घाईत लिहिलेली तबकडी, दोन्ही आतून कच्च्या." प्रत्येक तबकडीच्या तीन प्रती. एक सर्व्हरच्या खोलीत, एक मेट्रनच्या कपाटात आणि एक ठाकुर्लीला त्यांच्या घरी, पोह्यांच्या डब्यात. पोहे ओल शोषून घेतात म्हणे, त्यामुळे तबकडीला बुरशी येत नाही. यातलं खरं किती ते मी कधी तपासलं नाही.

काम सुरू झालं की ते स्टुलावर बसून पडद्यावरचे टक्के बघायचे. मधूनच "सत्तेचाळीस" म्हणायचे, ताप मोजणाऱ्या नर्सच्या आवाजात. बाकी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही.

असा माणूस हॉस्पिटलात चेष्टेचा विषय होणारच. मीही पुष्कळ केली. पण त्यांच्या बहिणीचा विषय आला की चेष्टा थांबायची.

वत्सलाताई त्यांची धाकटी बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही, ठाकुर्लीला दोन खोल्यांत राहतात. सहा वर्षांपूर्वी वत्सलाताईंच्या किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून मंगळ, गुरू, शनी आमच्याच डायलिसिस विभागात चार-चार तास. तिथल्या खुर्च्यांवरची माणसं बदलत राहतात. बदलतात म्हणजे काय होतं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.

वत्सलाताईंना सुईची भीती. सहा वर्षं टोचून घेऊनही ती पहिल्या दिवशीइतकीच. सुई दिसली की घशातून एक आवाज येतो आणि हात आखडतो. एकदा त्यांनी टोचलेली सुई उपटून काढली, तेव्हा रक्त भिंतीपर्यंत गेलं होतं. त्या दिवसापासून सबनीस त्यांच्या शेजारी बसू लागले. आता, डायलिसिस विभागात नातेवाइकांना प्रवेश नाही. जंतुसंसर्गाचा धोका असतो, नियम योग्यच आहे. कर्मचाऱ्यांना मात्र आहे. म्हणून त्या विभागातला संगणक दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी आठ वाजता बिघडायचा. तक्रारवहीत सबनीस स्वतःच्याच अक्षरात लिहायचे, "की-बोर्डची तपासणी." तपासणी चार तास चालायची. एक हात की-बोर्डवर, दुसरा वत्सलाताईंच्या हातात. हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं आणि कुणीही कुणाला सांगत नव्हतं.

या वर्षी ट्रस्टने नवी सिस्टीम घेतली. यापुढे पेशंटांची माहिती कुठेतरी लांब, कंपनीच्या यंत्रांवर राहणार होती. निवृत्तीनंतर सबनीसांना वर्षावर्षाची मुदतवाढ मिळत आलेली, तिच्या कागदावर या वेळी लिहिलं होतं, "जुना डेटा सुपूर्द होईपर्यंत." म्हणजे डेटा गेला की सबनीस कर्मचारी राहणार नव्हते, नातेवाईक होणार होते. डायलिसिसच्या दाराबाहेरचे.

नव्या कंपनीची गायत्री नावाची इंजिनीअर ठाण्याहून यायची. पोरगी हुशार होती, पण तिचा संयम संपत आला होता. "काका, मी सोमवारी पण आलेले, काल पण आलेले. कधी देताय डेटा?" सबनीस म्हणायचे, "यंत्राला घाई कळत नाही." मला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय. मनातून बरंच वाटलं.

मग एका गुरुवारी पहाटे सर्व्हर स्वतःहून बंद पडला. ज्या डिस्कवर सिस्टीम होती तीच मेली. पेशंटांची डिस्क शाबूत, पण आमचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की तीच जुनी सिस्टीम पुन्हा उभी राहिल्याशिवाय ती वाचता येईना. आणि यंत्र पेनड्राइव्ह ओळखत नाही अशा जमान्यातलं. तबकडीशिवाय मार्ग नव्हता.

डायलिसिसचे कागदी तक्ते ट्रस्टने 'कागद वाचवा' म्हणून कधीच बंद केलेले. त्यामुळे त्या गुरुवारी कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं हे नर्सेस पेशंटांना विचारून, अंदाजाने ठरवत होत्या. कांबळी आजोबांच्या बाबतीत अंदाज चुकला. पाणी जास्त निघालं, रक्तदाब कोसळला आणि आजोबा खुर्चीत मान टाकून पांढरे पडले. वाचले. पण तेवढ्या वेळात त्यांची बायको काचेच्या दाराला दोन्ही तळवे लावून उभी होती, ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दुपारी मी जिन्याखाली गेले. सबनीस तबकड्या काढून बसले होते. मी दार लावून घेतलं आणि स्पष्टच म्हणाले, "तबकडीला चरा पडलाय म्हणून सांगा. नवी शोधण्यात महिना-दीड महिना जाईल."

"आणि कांबळी?"

"मी सगळ्यांना विचारून वहीत लिहून घेते."

"तुम्ही वहीत अंदाज लिहून घ्याल. खरा आकडा डिस्कवर आहे."

"आणि वत्सलाताईंचं काय?"

त्यांनी तबकडी पुसायला घेतली. मधून कडेकडे. ती पाकिटात घालून म्हणाले, "उद्या दहाला या. डिस्क धरायला लागेल."

मला भयंकर राग आला. जगात सगळे आपापलं बघतात आणि या माणसाला नेमकं आता साधुत्व सुचावं, असं वाटलं. तरी शुक्रवारी दहाला जाऊन बसले. इस्त्रीचा शर्ट होताच. पंच्यात गुंडाळलेली डिस्क माझ्या मांडीवर आली. तबकडीचा खण अडकायचा, तो त्यांनी नेहमीप्रमाणे बारीक भोकात टाचणी खुपसून उघडला. पहिली तबकडी सुरळीत गेली. दुसरी एकाहत्तर टक्क्यांवर अडली. आत खटखट वाजायला लागलं आणि पडद्यावर आलं की वाचता येत नाही.

मेट्रनच्या कपाटातली प्रत आणली. तीही एकाहत्तरला अडली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता खोटं सांगायचीही गरज नव्हती. तबकडी खरंच खराब होती. दारात गायत्री उभी होती, ती म्हणाली, "काका, दुसरी कॉपी नाही ना कुठे?" तिथे हजर असलेल्यांत पोह्यांचा डबा मला आणि सबनीसांना, दोघांनाच ठाऊक. मी मांडीवरच्या डिस्ककडे बघत गप्प राहिले. ते माझ्याकडे बघतायत हे मला कळत होतं.

त्यांनी फोन काढला. "वत्सू, पोह्यांच्या डब्यात पाकिटं आहेत. दोन आकडा लिहिलेलं. शेजारच्या कुणाबरोबर तरी पाठवून दे."

पाऊण तासाने वत्सलाताई स्वतःच आल्या, रिक्षाने. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याच्याने घरातला केरही काढवत नाही. जिन्याला धरत धरत त्या खोलीत आल्या आणि पदराखालून पाकीट काढून दिलं. "पुसून आणलीय. मधून कडेकडे."

सबनीसांनी खण उघडून तबकडी ठेवली. वत्सलाताई म्हणाल्या, "अण्णा, हे झालं की तू मोकळा ना?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांचा सुजलेला हात मांडीवर पालथा होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

सत्तर. एकाहत्तर. तिथे थोडं थांबून बाहत्तर. सबनीसांनी आकडा उच्चारला नाही. त्या दिवशी एकही आकडा उच्चारला नाही. दुपारी चारच्या सुमारास सिस्टीम उभी राहिली, डिस्क माझ्या मांडीवरून आपल्या जागी गेली आणि सगळे पेशंट पडद्यावर परत आले. कांबळींसकट.

मग डेटा नव्या सिस्टीममध्ये बरोबर उतरतोय का हे तपासायला गायत्री आणि मी बसलो. तेव्हा मला शेऱ्यांचा रकाना दिसला. डायलिसिसच्या प्रत्येक पेशंटच्या पानावर तळाशी तो होता आणि भरलेला होता. गायत्री म्हणाली, "हा रकाना आमच्याकडे नाही, काका. वजन, बीपी, औषधं, एवढंच येईल."

"आधी वाचा," सबनीस म्हणाले.

वाचलं. "कांबळी: पाय गार पडतात. मोजे पिशवीत असतात, मागायला लाजतात." "शेख आजी: डोळे मिटून असल्या तरी झोपलेल्या नसतात. प्रार्थना चालू असते. बोलू नये." "नववी खुर्ची, तावडे: उठताना आधार नको म्हणतात. तरी जवळ उभे राहावे." अशी पानंच्या पानं. सहा वर्षं की-बोर्डची तपासणी चालायची म्हणजे काय चालायचं, ते मला त्या दिवशी कळलं. त्यातली कितीतरी माणसं आता नव्हती. त्यांचे शेरे सबनीसांनी तसेच ठेवले होते.

वत्सलाताईंचं पान आलं. "सुई टोचताना कुणीतरी बोलत राहावे. विषय कोणताही. भाऊ शेजारी असतो."

गायत्रीने ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "मला उद्यापर्यंत वेळ द्या. रकाना बनवून आणते." आणि खरोखर आणला.

शनिवार सबनीसांचा शेवटचा दिवस. त्या दिवशीही आठ वाजता संगणक बिघडला आणि बारा वाजता दुरुस्त झाला. निरोप समारंभाला त्यांनी नाही म्हटलं. तबकड्या पिशवीत भरून बहिणीला घेऊन घरी गेले.

मधल्या दिवसांत मी मेट्रनबाईंना भेटले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "त्यांना आत घेते," त्या म्हणाल्या, "पण मग कांबळींच्या बायकोला काय सांगू, ते तुम्ही मला सांगा." मी उठून रेकॉर्ड विभागात परत आले.

मंगळवारी सकाळी फायली घेऊन मी मुद्दाम आत गेले. वत्सलाताई खुर्चीत होत्या, ओठ घट्ट मिटलेले. नर्स नवी होती. तिने पडद्यावर पान उघडून तळाचा शेरा वाचला. शनिवारी कुणीतरी तो बदलला होता. नर्स वत्सलाताईंजवळ वाकून म्हणाली, "ताई, अण्णा बाहेर बाकावर बसलेत. तुम्हाला सांगायचं म्हणून लिहिलंय."

"कुठल्या बाकावर?"

"बाहेरच्या."

"बाहेर तीन बाकं आहेत."

नर्स गोंधळली. मी म्हणाले, "दाराला लागून आहे ना, त्या बाकावर."

वत्सलाताईंनी दाराकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीवरून बाक दिसत नाही. मग त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला. सुई गेली तेव्हा त्या ओरडल्या, पण हात तिथेच राहिला.

मी बाहेर आले. सबनीस उठून उभे राहिले. मी म्हणाले, "टोचली. हात आखडला नाही. फक्त कुठलं बाक ते विचारलं."

त्यांचा चेहरा पडला. "माझीच चूक. नेमकं लिहायला हवं होतं. तिला मोघम सांगितलेलं चालत नाही." मग ओशाळून म्हणाले, "मला आता आत जाता येत नाही, पेडणेकरबाई. शेरा तेवढा दुरुस्त कराल?"

मी आत गेले आणि लिहिलं, "भाऊ दाराला लागून असलेल्या बाकावर आहे." तेव्हापासून मंगळ, गुरू, शनी त्या बाकावर दुसरं कुणी बसलं, तर मी त्याला उठवते.