शेषराव गुरुजींची परदेशी डिग्री

कुरुंद्याच्या आठवडी बाजारात वांगी घेताना शेषराव गुरुजी विचारायचे, "भाव एफओबी की सीआयएफ?" म्हणजे माल जहाजावर चढवून द्यायचा भाव, की समुद्रापलीकडच्या भाड्याविम्यासकट. तांड्यावरची शेवंताबाई वैतागून म्हणायची, "गुरुजी, वांगी शेजारच्या हट्टा गावची हाईत. घ्यायची तर घ्या, न्हाईतर पुढं व्हा." गुरुजी पुढं होत. मग मेथीवालीची पाळी.

माणूस पन्नाशीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर. नांदेडच्या पलीकडं जग पाहिलेलं नाही. बी.ए. बाहेरून केलेलं, इंग्रजीची बोंब. आणि दोन हजार साल उलटल्यावर या गृहस्थानं टपालानं शिकायच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. तेही कशाच्या? आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या!

मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो, गुरुजी जाडजूड पुस्तक. मुख्याध्यापक चिडवायचे, "गुरुजी, भेंडी जर्मनीला पाठवून राहिले का?" गुरुजी गंभीरपणे म्हणायचे, "बराबर हाय सर, पण पॅकिंगचं काय?" हे त्यांचं पालुपद. कुणाचं लग्न ठरो, कुणाची बदली होवो, गुरुजींना पॅकिंगची चिंता.

नांदेडच्या परीक्षेला ते वर्गात शिरले तेव्हा पोरं पर्यवेक्षक समजून उठून उभी राहिली. गुरुजी सवयीनं "बसा" म्हणाले आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले. हा किस्सा सांगून मी शाळेला दोन वर्षं हसवलं. आता त्याची लाज वाटते.

चार वर्षांनी डिग्री आली. पेढे नाहीत, काही नाही. मला एवढंच म्हणाले, "सर, उद्या औंढ्याला चला संगं. एकट्याला भेव वाटून राहिलं." नागनाथाचा नवस असेल, असं समजून मी निघालो.

एसटीत त्यांनी तोंड उघडलं. त्यांची थोरली मीना औंढ्याला दिलेली. पोरगी हुशार. सात-आठ वर्षांपूर्वी बी.कॉम. झाल्यावर याच शिक्षणासाठी तिचा पुण्याला नंबर लागला होता. पत्र आलं ते नेमकं तिच्या हळदीच्या दिवशी, आणि तीन दिवसांत हजर व्हायचं होतं. तिनं पिवळ्या अंगानं बापाचे पाय धरले. गुरुजी म्हणाले, "अंगाला हळद लागलेली पोरगी शीव ओलांडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिला शीव ओलांडून सासरी धाडली, त्याला कुणाची हरकत नव्हती. आमच्या गावची हळद कुठल्या कुठल्या देशात जाते. पोरीला मात्र तीच लावून आम्ही अडवली. 'आम्ही' म्हणतो, कारण त्या मांडवात मीही होतो. तिचं रडणं मी ऐकलं होतं. नवरी रडायचीच, असं म्हणून पंगतीला बसलो आणि पोटभर जेवलो.

औंढ्याला मीना भाकरी थापत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं. गुरुजींनी पिशवीतून गुणपत्रिका काढून तिच्यापुढं ठेवली.

"हे काहून आणलं, आबा?"

"तुझं राहिलं बाई. त्यात काय असतंय, ते बघून आलो."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. एकेका विषयावरून बोट फिरवत वाचू लागली. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. चौथ्या विषयापाशी बोट थांबलं.

"परकीय चलनात चाळीसच?"

"व्हय. तीनदा बसलो तवा निघाला."

"मला जास्त पडले असते."

गुरुजींची मान खाली गेली.

"लई जास्त पडले असते, बाई," ते म्हणाले. "तेच कबूल कराया आलो."