राजेंच्या खाटेवरचे मामा

कोणत्याही व्यवसायाची प्रगती मोजायचे एकच शास्त्रशुद्ध माप आहे. त्यातला अनुभवी माणूस मूळ कामापासून किती लांब जाऊन बसला, हे पाहायचे. नावाजलेला गवंडी विटेला हात लावत नाही, नावाजलेला आचारी चूल पेटवत नाही. या मापाने पाहिले तर आमच्या इस्पितळातला परिचर्या विभाग प्रगतीच्या शिखरावर आहे (शिखर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टमधून उतरल्यावर उजवीकडे).

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझ्या मामांच्या खुब्याचे ऑपरेशन तिथेच झाले आणि फक्कड झाले. सर्जन म्हणाले, "आता दर दोन तासांनी फक्त कूस बदलत राहायची. नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि त्या खुब्यापेक्षा महागात पडतील." एवढे सांगून सर्जन गेले ते गेलेच. मामा तेव्हा उजव्या कुशीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते उजव्या कुशीवरच होते, यावरून त्यांची सहनशक्ती लक्षात यावी.

कोणी म्हणेल, वॉर्डात सिस्टर नव्हत्या का? होत्या की! एकाहून एक शिकलेल्या होत्या. सकाळच्या पाळीत मामांच्या खाटेला भेट देऊन गेलेल्या पदाधिकारी अशा : हस्तप्रक्षालन समन्वयक, उशी-धोरण सल्लागार, पडझड प्रतिबंधक आणि रुग्ण-समाधान अधिकारी. पडझड प्रतिबंधक सिस्टरांनी मामांच्या मनगटाला पिवळी फीत बांधली आणि काल दिवसभरात एकदाही न पडल्याबद्दल त्यांचे अभिनंदन केले. मामांना हलताच येत नव्हते, पण यशाला कारणे विचारू नयेत. उशी-धोरण सल्लागारांनी उशीकडे बराच वेळ पाहिले आणि उशीबाबत आपण आशावादी आहोत असे सांगितले.

शेवटी रुग्ण-समाधान सिस्टर आल्या. "कूस बदलण्याच्या सेवेबद्दल तुम्ही दहापैकी किती समाधानी आहात, काका?"

"अहो, कूस कोणी बदललीच नाही अजून!"

"म्हणजे सेवेत काही त्रास झाला नाही. दहा लिहिते."

(त्या महिन्याच्या पाहणीत नव्व्याण्णव टक्के रुग्ण समाधानी निघाले. उरलेला एक टक्का त्या वेळी झोपला होता.)

मामींनी स्वतःच कूस बदलायला हात पुढे केला, तर वॉर्डच्या मेट्रनबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. 'नातेवाइकांनी रुग्णास हात लावू नये, ते प्रशिक्षित नाहीत.' नियम रास्तच आहे. प्रशिक्षण म्हणून काही चीज आहे की नाही?

आता शेजारच्या, खिडकीजवळच्या खाटेविषयी सांगायला हवे. तिच्यावर राजे होते. राजे म्हणजे सरावासाठी आणलेला माणसाएवढा रबरी पुतळा. कागदोपत्री त्यांचे नाव 'सराव-रुग्ण', पण सगळ्या सिस्टर त्यांना लाडाने राजे म्हणत. सराव-कक्षात सिस्टरांच्या प्रशिक्षणाचे गुण सांभाळणाऱ्या विकास-मॅडमचे कार्यालय आल्यामुळे राजेंना वॉर्डात हलवले होते. आणि राजेंची काय शुश्रूषा होती, महाराज! दर दोन तासांनी, घड्याळ लावून, त्यांची कूस बदलली जाई. पाठीला पावडर लावली जाई. कोमट पाण्याने अंग पुसले जाई, नखे (रंगवलेली) साफ केली जात, आणि प्रत्येक गोष्ट करण्यापूर्वी त्यांना समजावले जाई. "राजे, आता मी तुमचा डावा हात उचलतेय हं. दुखलं तर सांगा." राजेंनी कधी तक्रार केली नाही.

मामा हे सगळे उजव्या कुशीवरून पाहत. राजेंची खाट नेमकी त्यांच्या उजवीकडे होती.

मामींनी एका तरुण सिस्टरला गाठले. "अगं पोरी, त्या रबराच्या बाहुल्याचं एवढं करतेस, आमच्या ह्यांना जरा वळवलंस तर काय बिघडेल?"

"कळतं हो काकू, जीव तुटतो," ती खरोखर काकुळतीला येऊन म्हणाली. "पण माझे विकास-गुण कमी पडतायत. गुण पूर्ण नाही झाले तर माझी नोंदणी जाईल. आणि परीक्षक फक्त राजेंच्या खाटेपाशी बसतात."

त्यात काही चूक नव्हती. विकास-मॅडमनी मला तत्त्व समजावून दिले. खऱ्या रुग्णावर गुण देता येत नाहीत, कारण खरे रुग्ण एकसारखे नसतात. एखादा जाड असतो, एखादा कण्हतो, एखादा मध्येच बरा होतो. अशाने तुलना कशी करायची? राजे मात्र सर्वांना सारखे. तेव्हा शिक्षणाच्या दृष्टीने राजे हाच प्रमाण रुग्ण, आणि मामा म्हणजे एक अपवाद. मला हे इतके पटले की मी मामांकडे जरा रागानेच पाहिले.

मामी मात्र शिकलेल्या नाहीत. त्या दिवशी मामांना स्ट्रेचरवरून एक्स-रेला नेले, तशा त्या मला म्हणाल्या, "ऊठ. त्या बाहुल्याचे पाय धर."

"मामी, हे नियमात बसत नाही."

"रुग्णाला हात लावायचा नाही असं लिहिलंय. हा रुग्ण आहे का?"

मी पाय धरले. राजे मामांपेक्षा हलके निघाले. आम्ही त्यांना मामांच्या खाटेवर निजवले, गळ्यापर्यंत चादर ओढली आणि मनगटाला मामींनी आपल्या केसांची पिवळी रिबन बांधली. मामा परत आले तेव्हा स्ट्रेचर ढकलणाऱ्याने विचारले, "कुठली खाट?" मामींनी खिडकीकडे बोट केले.

"अहो, ऐका," मामी मामांच्या कानाशी लागल्या. "आता तुम्ही पुतळा आहात. तोंडातून शब्द काढायचा नाही."

ही अट सोपी नव्हती. मामांनी जन्मभर बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. घरी भाजी वाढायची असली तरी ते दोनदा घोषणा करतात. पण पाठ वाईट पेटली होती, म्हणून त्यांनी ओठ मिटले.

पंधरा मिनिटांत त्यांची कूस बदलली गेली. अंग पुसले गेले, पाठीला पावडर लागली. एका सिस्टरने तर "राजे, आज दमलात का?" असेही विचारले. मामांना इतके कोणी कधी विचारले नव्हते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सिस्टरने तत्परतेने 'डोळ्यांतून गळती' अशी तक्रार नोंदवली आणि दुपारी देखभाल खात्याचा मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. मामांनी तत्काळ रडणे थांबवले. मिस्त्रीने दुरुस्ती पूर्ण झाल्याची सही केली. परीक्षकांनी मामांच्या अंगाला हात लावून "हीटर चालू राहिलाय वाटतं" एवढेच म्हटले.

तिकडे मामांच्या खाटेवर राजेंची प्रकृतीही झपाट्याने सुधारत होती. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी दारातूनच विचारले, "काही त्रास?" राजे गप्प. "छान. सोमवारी घरी सोडू." समाधानाचे दहापैकी दहा चालूच होते.

सगळे असे सुरळीत चालले असताना फलकावर सूचना लागली. शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा. विषय : हृदय बंद पडलेल्या रुग्णाला जिवंत करणे. रुग्ण : राजे. उमेदवार : संपूर्ण तुकडी. कृती : दोन्ही तळहातांनी छाती सर्व भार टाकून दाबणे (बरगडी मोडल्यास गुण कापले जाणार नाहीत).

मामींचा चेहरा उतरला. मामांना सांगावे तर ते ओरडतील आणि पुन्हा उजव्या कुशीवर जातील. न सांगावे तर जातील ते कायमचेच. आदल्या रात्री पुन्हा अदलाबदल करायला त्या निघाल्या, तर मामांनी त्यांचा हात धरला. "नको," ते कुजबुजले. "पाठ भरत आलीय. परीक्षेचं ऐकलंय मी सिस्टरांच्या तोंडून. मी बघतो काय करायचं ते."

शनिवारी परीक्षक बसले, विकास-मॅडम बसल्या. पहिली उमेदवार म्हणून ती तरुण सिस्टरच पुढे आली. घाबरलेली होती. तिने मामांच्या खांद्याला हात लावून नियमाप्रमाणे विचारले, "राजे, ऐकू येतंय का?"

"येतंय, बाळ," मामा खणखणीत आवाजात म्हणाले.

परीक्षकांनी पुस्तक उघडले, पाने चाळली, आणि मान हलवली. "प्रश्न विचारताच रुग्ण शुद्धीवर. छाती दाबण्याची गरज उरली नाही. पैकीच्या पैकी."

त्या दिवशी सबंध तुकडीला पैकीच्या पैकी मिळाले. इतका निकाल या इस्पितळाने पाहिला नव्हता, त्यामुळे पुतळा कसा बोलला हे विचारण्याइतका उद्धटपणा कोणी केला नाही. तरुण सिस्टरची नोंदणी वाचली. तिची पदोन्नती झाली असून ती आता ऐकू-येतंय-का सल्लागार आहे. सोमवारी आम्ही राजेंना त्यांच्या जागी ठेवले आणि मामांना घरी आणले. पाठीला साधा ओरखडासुद्धा नाही.

एवढ्या दिवसांत एकाही डॉक्टरला, एकाही सिस्टरला माणूस आणि रबर यांतला फरक कळू नये, याचे तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या, हसण्याने प्रकृती सुधारते. फक्त शुक्रवारची भेटीची वेळ तेवढी आठवून पाहा. मामी औषधाच्या दुकानात गेल्या होत्या तेव्हा तुम्ही मामांना भेटायला आला होतात. सफरचंदे उशाशी ठेवलीत, राजेंकडे पाहून "आता चेहऱ्यावर तेज आलंय" म्हणालात, आणि नंतर बराच वेळ मोबाइल पाहत बसलात. निघताना राजेंचा हात हातात घेऊन म्हणालात, "काही लागलं तर हक्कानं सांगा हं, मामा."

शेजारच्या खाटेवरून मामा म्हणाले, "पाणी दे रे."

तुम्ही दचकून वळलात. जवळ जाऊन नीट निरखलेत. "अरे वा, बोलतोसुद्धा!" म्हणालात, आणि त्याच्याबरोबर एक फोटो काढून घेतलात. फोटो मामींनी पाहिला. तुम्ही त्यात छान हसता आहात.