चारशे बारा पूर आणि एक साळिंदर

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, नदी होती आणि चक्क वर्तमानपत्रही होतं. त्याचं नाव 'वनगर्जना'. संपादक होता खंड्या पक्षी. त्याला 'पूर' हा शब्द भारी प्रिय. महिन्यातून एकदोनदा अंकात कशाचा ना कशाचा पूर आल्याशिवाय त्याला मासा गोड लागत नसे.

त्या नदीच्या काठी, जांभळीखालच्या बिळात धोंडाबाई नावाची साळिंदर राहायची. पदरात तीन पिल्लं. यंदा नदी रोज वीतभर चढत होती आणि धोंडाबाई रोज ते बघत होती. तिला टेकडीवर नवं बीळ खणायचं होतं. पण टेकडी वाघोबांच्या विश्रांतीसाठी राखीव. वर जायचं तर परवानगी हवी, आणि परवानगीसाठी आधी धोका सिद्ध व्हायला हवा.

धोका सिद्ध करायची त्या जंगलात एक रीत होती. 'वनगर्जने'चे जुने अंक काढायचे, ते संकट किती वेळा आलं ते मोजायचं आणि त्यात किती प्राणी मेले ते बघायचं. उठून नदी बघायला जाणं अडाणीपणाचं समजलं जाई.

हे काम मुंगूसभाऊंकडे होतं. गडी प्रामाणिक. तीन दिवस मान मोडून त्यांनी अंक चाळले. तोवर पाणी जांभळीच्या मुळांना लागलं.

चौथ्या दिवशी त्यांनी धोंडाबाईला बोलावून निकाल वाचून दाखवला. गेल्या वीस वर्षांत जंगलात चारशे बारा पूर आले होते. वाघोबांच्या वाढदिवसाला शुभेच्छांचा पूर, अस्वलाच्या निरोपाला अश्रूंचा पूर, निवडणुकीत आश्वासनांचा पूर, हरणांच्या संमेलनात कवितांचा महापूर. या सगळ्यांत मिळून एक कासव दगावलं होतं. तेही संमेलनात झोपेतच गेलं.

"तेव्हा बाई, पूर म्हणजे आपल्या जंगलातला सगळ्यात सुरक्षित प्रसंग," मुंगूसभाऊ म्हणाले.

धोंडाबाईला रडावं की काटे फुलवावेत ते कळेना. तिने सांगितलं, की तिच्या लहानपणी खरोखरचं पाणी आलं होतं आणि जांभळीच्या वरच्या फांदीला गवत अडकलं होतं. मुंगूसभाऊंनी तो अंकही शोधून काढला. पहिल्या पानावर वाघोबांच्या राज्यारोहणानिमित्त आनंदाचा पूर होता. आतल्या पानावर, कोपऱ्यात, एक ओळ होती: नदीकाठचे काही रहिवासी स्थलांतरित.

"त्यात माझा आजा होता, भाऊ," धोंडाबाई म्हणाली. "तो कुठं गेला म्हणता?"

"ते अंकात नाही."

अर्ज नामंजूर झाला. काठावरच्या सशांनी निकाल ऐकला आणि ते निर्धास्त झाले. चारशे बारांतून वाचलेलं जंगल चारशे तेराव्याला का भ्यावं?

धोंडाबाई मात्र शिकलेली नव्हती. तिने पाण्याकडे पाहिलं, पिल्लं पुढे घातली आणि भरदुपारी, सगळ्यांच्या देखत टेकडी चढली. ससे हसले. संध्याकाळी नदी आली. हसणारं कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुंगूसभाऊ कानांपर्यंत चिखलाने माखून टेकडीवर आले. कचेरी वाहून गेली होती, पण त्यांनी दातांत एक कागद धरून आणला होता. ती धोंडाबाईच्या नावची नोटीस होती. विनापरवाना टेकडी चढल्याबद्दल तिने पिल्लांसह तत्काळ मूळ पत्त्यावर परत जायचं होतं.

धोंडाबाईने खाली बोट दाखवलं. मूळ पत्त्यावर जांभळीचा शेंडा तेवढा दिसत होता.

"सशांचं काय लिहिलंत?" तिने विचारलं.

मुंगूसभाऊ नोटिशीवरचा चिखल पुसू लागले. मग हलकेच म्हणाले, "तक्रार द्यायला कुणी आलंच नाही, बाई."

तात्पर्य: बाळांनो, पाणी चढू लागलं म्हणून शहाण्याने घर सोडू नये. छापून येईपर्यंत धीर धरावा. बुडणाऱ्याबद्दल कुणाची तक्रार नसते. नोटीस येते ती वाचणाऱ्याला.